आधी जुलै, मग जून

मंगळवेढ्याजवळच्या एका गावात, ज्वारीच्या काळ्या रानाला लागून असलेल्या वाड्यात दोन चुलत भावंडं राहत होती. ओंकार आणि साक्षी. एकाच शाळेत मराठी माध्यमातून दहावी झालेली, एकाच एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जाणारी. 2024 च्या जूनमध्ये दोघंही बारावी विज्ञानाला आली. दोघांनाही इंजिनिअर व्हायचं होतं. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, द्यावी लागते एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

ओंकार मेहनती होता. त्यानं कार्डशीटवर वेळापत्रक केलं: पहाटे चारला उठायचं, रात्री अकराला झोपायचं, मधला प्रत्येक तास रंगीत पेनानं भरलेला. पुण्याहून जाडजूड संदर्भग्रंथ मागवले. मोबाइलवर एक ऑनलाइन क्लास लावला, तोही देशपातळीवरच्या जेईईचा. "अवघडाची तयारी केली की सोपं आपोआप येतं," असं तो म्हणायचा. अकरावीची पुस्तकं मात्र त्यानं मे महिन्यातच गल्लीतल्या एका मुलाला देऊन टाकली होती. अकरावी झाली, आता तिचं काय काम?

साक्षीला ते वेळापत्रक बघूनच धडकी भरली. सकाळी पाणी भरायचं, आईला स्वयंपाकात मदत करायची, एसटी, कॉलेज, पुन्हा एसटी. दिवसाचे चार तास हाती लागले तरी पुष्कळ. आपल्याला हे जमायचं नाही, असं तिनं मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी त्यांची आत्या माहेरी आली. आत्या सोलापुरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात कारकून होती. सीईटीच्या निकालानंतर कागदपत्रं तपासून घ्यायला मुलं येतात, त्या सुविधा केंद्रात तिचं टेबल होतं. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले. ओंकारचं वेळापत्रक तिनं नीट वाचलं, त्याच्या अक्षराचं कौतुक केलं, आणि विचारलं, "ओंकार, पेपरात प्रश्न किती असतात रे?"

ओंकार थांबला. "दीडशे असतील."

"दीडशेच. पण सगळ्यांना गुण सारखे का? वेळ एकत्र का वेगवेगळा? अकरावीचं किती येतं?"

त्याला यातलं काहीच सांगता येईना. "अर्ज भरताना बघू की आत्या. आधी अभ्यास तर होऊ दे," तो म्हणाला.

आत्या चिडली नाही. "दर जुलैला माझ्या टेबलापलीकडं पोरं उभी राहतात," ती म्हणाली. "काहींच्या डोळ्यांत पाणी असतं. बुद्धीनं ती कमी नसतात, कष्टानं तर अजिबात नसतात. एखादा म्हणतो, मॅडम, वेळच पुरला नाही. एखादीला पर्सेंटाइल चांगले असतात, पण जात वैधतेचा अर्जच केलेला नसतो. एखाद्यानं पसंतीक्रम उलटा भरलेला असतो. त्यांनी वर्षभर ओझं वाहिलं, पण रस्ता कुठं जातो ते कुणी त्यांना आधी सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही आधी जुलै बघा. तिथून मागं मागं येत जूनपर्यंत या."

आबा, म्हणजे दोघांचे आजोबा, कोपऱ्यात ऐकत बसले होते. ते म्हणाले, "बरोबर हाय तिचं. पाऊस पडला म्हणून लगी पेरत न्हाई कुणी. वाफसा आलाय का बघायचं, मग चाड्यावर मूठ धरायची."

मग आत्यानं एका कोऱ्या कागदावर वर जुलै लिहिला आणि खाली उतरत गेली. जुलैत कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या. त्यासाठी कागदपत्रं तयार हवीत. जूनमध्ये सीईटीचा निकाल. एप्रिलमध्ये परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीचं बोर्ड. डिसेंबरच्या अखेरीपासून सीईटीचा अर्ज. दिवाळीपर्यंत बारावीचा बराचसा अभ्यासक्रम.

"आता परीक्षेची कुंडली घ्या," ती म्हणाली. "भौतिक, रसायन आणि गणित घेणाऱ्यांना दोन भाग. पहिल्या भागात भौतिकचे पन्नास आणि रसायनचे पन्नास, असे शंभर प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ 90 मिनिटं. दुसऱ्या भागात गणिताचे पन्नास, प्रत्येकी दोन गुण, वेळ पुन्हा 90 मिनिटं. एकूण 200 गुण. पहिला भाग 90 मिनिटांनी आपोआप बंद होतो, मगच गणित उघडतं. इकडचा वेळ तिकडं नेता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अंदाजे 20 टक्के प्रश्न अकरावीतल्या ठरावीक धड्यांवर, 80 टक्के बारावीवर. अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाचा. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. आणि हे सगळं सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका, पुस्तिका स्वतः वाचा."

साक्षी वहीत लिहून घेत होती. तिनं तिथंच हिशेब केला. पहिल्या भागात एका प्रश्नाला 54 सेकंद. गणितात एका प्रश्नाला 108 सेकंद. अकरावीचे गुण भौतिकमध्ये 10, रसायनात 10, गणितात 20, मिळून दोनशेतले 40. तिनं मान वर करून ओंकारकडं पाहिलं. तोही क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "चाळीस गुणांसाठी अख्खी अकरावी कोण वाचत बसणार?" आणि उठून अभ्यासाला गेला.

साक्षी बसून राहिली. "आत्या, मी सुरुवात कुठून करू?"

"पेपर सोडवून."

"पण मला तर अजून काहीच येत नाही."

"म्हणूनच. आत्ता सोडवलास तर तुला काय येत नाही ते कळेल. सगळं शिकून सोडवीन म्हणशील, तर तो दिवस येतच नाही."

पुढच्या रविवारी साक्षीनं आत्यानं पाठवलेला सराव पेपर घेतला आणि आबांचं घड्याळ समोर ठेवून ती ओसरीवर बसली. 90 मिनिटं झाल्यावर तिनं पहिला भाग खरोखरच बाजूला सारला, तेव्हा तिचे 58 प्रश्न झाले होते. गणितात सतरा प्रश्न झाले. संध्याकाळी उत्तरं ताडून पाहिली. पहिल्या भागात सव्वीस बरोबर, गणितात दहा. दोनशेपैकी 46 गुण. ती रात्री जेवली नाही.

आत्याला फोनवर सांगताना तिचा आवाज दाटून आला. आत्यानं गुणांबद्दल एक शब्द काढला नाही. "चुकलेले प्रश्न किती?"

"एकोणचाळीस."

"आणि न सोडवलेले?"

"पंचाहत्तर."

"म्हणजे निम्म्या पेपराकडं तू पाहिलंसुद्धा नाहीस. त्यात सोपे प्रश्नही असणार. आता एक काम कर. त्या एकोणचाळीस चुकांपुढं प्रत्येकीचं कारण लिही. खरं कारण. 'अभ्यास कमी पडला' असं लिहायचं नाही."

साक्षीला त्याला दोन दिवस लागले. सतरा प्रश्न न वाचलेल्या धड्यांवरचे होते. सात प्रश्नांत सूत्र अर्धवट आठवलं होतं. नऊ ठिकाणी आकडेमोड घाईत चुकली होती. आणि सहा प्रश्नांत तिनं प्रश्नच नीट वाचला नव्हता. इंग्रजीत 'यापैकी कोणतं विधान अयोग्य आहे' असं विचारलेलं, आणि तिनं योग्य विधान शोधून दिलेलं.

त्या यादीकडं पाहताना तिला पहिल्यांदा हायसं वाटलं. कालपर्यंत तिला फक्त '46' दिसत होता. आता चार वेगवेगळी कामं दिसू लागली, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा होता. न वाचलेला धडा वाचायला हवा. अर्धवट सूत्र रोज लिहून पक्कं करायला हवं. आकडेमोडीला घड्याळ लावून सराव हवा. आणि प्रश्न वाचताना 'नॉट' आणि 'इनकरेक्ट' या शब्दांखाली बोट ठेवायची सवय हवी. या चौथ्या कामाला तर एक पानही वाचावं लागणार नव्हतं.

तिनं शंभर पानी वही घेतली आणि वर लिहिलं, 'चुकांची वही'. तिचं वेळापत्रक त्या वहीतून निघालं. रोज चार तास, त्याहून जास्त नाही. त्यातले अडीच तास त्या दिवशी कॉलेजात शिकवलेलं पक्कं करायला, एक तास चुकांच्या वहीला, अर्धा तास अकरावीला. अकरावीचा आठवड्याला एकच धडा: गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता. रविवारी सकाळी घड्याळ लावून पेपर. रविवारी दुपारी मोकळीक. पुस्तकं बालभारतीचीच, कारण परीक्षा त्यांच्यावरच होती.

आत्याच्या कागदावर सर्वात वर कागदपत्रं होती. त्यांचं कुटुंब इतर मागास प्रवर्गातलं. जातीचे दाखले होते, पण वैधता कुणाचीच झालेली नव्हती. ती जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून घ्यावी लागते आणि तिला महिने लागू शकतात. या प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा मानतात. घरात तसा कागद नव्हता. साक्षीच्या वडिलांनी पेट्या उपसल्या, तलाठ्याकडं चकरा मारल्या. तेव्हा आबा म्हणाले, "मी चौथीपतूर शाळेत गेलोय की. त्या बुकात माझं नाव आसंल."

आबांनी 1958 साली पहिलीत नाव घातलं होतं आणि चौथीनंतर गुरं राखायला शाळा सोडली होती. गावच्या शाळेत जुन्या प्रवेश नोंदवहीत ती ओळ सापडली: नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्याचा उतारा दिला. आबांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या माणसाची ती ओळ आता नातीच्या उपयोगाला येत होती.

ऑगस्टमध्ये साक्षीचा अर्ज तयार झाला. समितीकडं जायच्या आदल्या रात्री ती ओंकारच्या खोलीत गेली. "दादा, पुरावा एकच आहे. तुझापण अर्ज करून टाकू. फक्त सह्या कर."

"मला आता वेळ नाही गं. बारावी झाल्यावर बघतो."

"तू काही बघू नकोस. सह्या कर, बाकी मी बघते." त्यानं पुस्तकातून डोकं न काढता सह्या केल्या.

त्याच सुमाराला आत्याचा आणखी एक फोन आला. राज्य सरकारनं जुलै 2024 मध्ये निर्णय काढला होता: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. साक्षीच्या आईच्या मनात वर्षभर एकच घोर होता, पोरीला प्रवेश मिळाला तर फी कुठून भरायची. त्या दिवशी तिनं उत्पन्नाच्या दाखल्याची आणि नॉन क्रिमिलेयरची नावं साक्षीकडून कागदावर लिहून घेतली आणि तो कागद देवघरात ठेवला.

दिवाळीपर्यंत साक्षीचे गुण 74 वर आले. डिसेंबरात 96. आणि जानेवारीत एका रविवारी ते 91 वर घसरले, त्याच्या पुढच्या रविवारीही तेवढेच. ती हिरमुसली. अभ्यास वाढला आणि गुण घटले, हे तिला कळेना. आत्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, "वही काय म्हणते?"

वही सांगत होती की चुकांचा चेहरा बदलला आहे. न वाचलेले धडे आता कमी होते. आता तिला जास्त येत होतं, म्हणून ती अवघड प्रश्नांशी झुंजत बसत होती. गणितातल्या एका प्रश्नावर तिची सात मिनिटं गेली होती, आणि शेवटचे नऊ प्रश्न तिनं वाचलेच नव्हते. अवघड प्रश्नालाही दोनच गुण होते आणि त्या नऊ प्रश्नांनाही प्रत्येकी दोनच.

मग तिनं दोन फेऱ्यांची शिस्त लावून घेतली. पहिल्या फेरीत समोर दिसताक्षणी वाट सापडणारे प्रश्न तेवढे सोडवायचे, बाकीच्यांवर खूण करून पुढं जायचं, आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचायचंच. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. शेवटच्या तीन मिनिटांत उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक पर्याय निवडायचा, कारण चुकीला दंड नाही. सोडून पुढं जायला सुरुवातीला तिला फार जड गेलं. प्रश्न सोडला की हरल्यासारखं वाटायचं. हळूहळू तिला कळलं की प्रश्न सोडणं हासुद्धा एक निर्णय आहे आणि तोही शिकावा लागतो.

ओंकारची खोली रात्री उशिरापर्यंत उजळलेली असायची. तो भौतिकशास्त्रात खोल शिरला होता. फिरत्या चाकांची, चुंबकीय क्षेत्रांची गणितं तो अशी मांडायचा की कॉलेजातले सर त्याला वर्गापुढं बोलवायचे. ते ज्ञान खरं होतं. पण पेपर सोडवायचा म्हटलं की तो म्हणायचा, "अभ्यासक्रम पूर्ण होऊ दे." क्लासचे व्हिडिओ संपत नव्हते. एक धडा चुकला की रंगीत वेळापत्रक कोलमडायचं आणि तो नवं करायचा. पहाटे चारला उठलेला मुलगा दुपारी वर्गात पेंगायचा. घरात कुणी काही बोललं तर त्याला वाटायचं, आपले कष्ट कुणाला दिसत नाहीत.

फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आली. तेव्हा साक्षीनं सीईटीचे पेपर महिनाभर बंद ठेवले. बोर्डात पायऱ्या लिहाव्या लागतात, आकृत्या काढाव्या लागतात. सीईटीत फक्त उत्तर निवडायचं असतं. दोन्हींची तालीम वेगळी. सीईटीच्या गुणवत्ता यादीत बोर्डाचे गुण धरत नसले, तरी प्रवेशाला पात्र ठरायला भौतिक, रसायन आणि गणितात एकत्रित किमान 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात, हे तिनं पुस्तिकेत वाचलं होतं. मार्चमध्ये बोर्ड संपलं, आणि तिथून परीक्षेपर्यंत तिनं दर दोन दिवसांनी एक पूर्ण पेपर सोडवला. तोही कॉलेजच्या संगणक कक्षात, पडद्यावर, कारण परीक्षा पडद्यावरच होती. कागदावर लिहिण्याची सवय असलेल्या हाताला माऊसनं पर्याय निवडणं सुरुवातीला संथच जातं.

एप्रिलमध्ये सोलापूरच्या केंद्रावर दोघांची परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत झाली.

ओंकारला भौतिकचा एक प्रश्न पाहून आनंद झाला. तो त्याच्या आवडीचा होता. त्यानं तो पूर्ण मांडून सोडवला, उत्तर बरोबर आलं, आणि घड्याळात सहा मिनिटं गेली होती. आत्यानं सांगितलेलं विसरून त्यानं मनाशी म्हटलं, रसायन लवकर उरकू आणि वाचलेला वेळ गणिताला लावू. रसायनातले अकरावीचे प्रश्न आले तेव्हा त्याला धडे आठवले, तपशील आठवला नाही. 90 मिनिटं झाली आणि पडदा बदलला. पहिल्या भागाचे तेवीस प्रश्न कोरे राहिले. चुकीला दंड नाही हे त्याला माहीत होतं. पण जेईईच्या सरावात चुकीला एक गुण कापला जातो, म्हणून खात्री नसेल तर हात आखडायची सवय त्याच्या बोटांत मुरली होती. आणि ती मोडायला लागणारी शेवटची तीन मिनिटं त्यानं राखून ठेवलीच नव्हती. गणितातही तेच झालं.

साक्षीला पेपर सोपा गेला असं नाही. तिच्यासमोर कित्येक प्रश्न असे आले की ते तिला वर्षभर शिकवूनही आले नसते. ती त्यांच्यावर खूण करून पुढं गेली. ती दोन्ही भागांत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली, परत आली, आणि एकही प्रश्न कोरा न ठेवता उठली.

जूनमध्ये निकाल लागला. साक्षीला 93 पर्सेंटाइल, ओंकारला 82. गावात लगेच पसरलं की साक्षीला 93 टक्के पडले. आबांनी पेढे आणायला पैसे काढले. साक्षीनं त्यांना थांबवून समजावलं, "आबा, टक्के नाहीत हे. मला दोनशेपैकी निम्म्याहून थोडेच जास्त गुण आहेत. माझ्या सत्रात बसलेल्या दर शंभर पोरांमधली त्र्याण्णव माझ्या बरोबरीला किंवा माझ्या मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखाद्याला पेपर सोपा येतो, एखाद्याला अवघड, म्हणून गुणांऐवजी रांगेतली जागा सांगतात."

"म्हंजी रांगेत तू म्होरं हायस," आबा म्हणाले. "मग पेढं आणायला काय हरकत हाय?" पेढे आले.

ओंकार खोलीतून बाहेर आला नाही. संध्याकाळी आत्या सोलापूरहून आली ती थेट त्याच्याकडं गेली. तो म्हणाला, "मी साक्षीच्या दुप्पट अभ्यास केला. मग माझ्यात डोकंच कमी असणार."

"तुझ्या डोक्याचं माप या परीक्षेनं घेतलेलंच नाही," आत्या म्हणाली. "नव्वद मिनिटांत शंभर प्रश्नांतून वाट कशी काढतोस, एवढंच तिनं विचारलं. तू शिकलास ते खोटं नाही, ते तुझ्याजवळच राहणार आहे. पण दाराची उंची न बघता तू शिडी बनवत राहिलास. ऊठ. आता प्रवेशाचं बघायचं आहे, आणि त्यात अजून पुष्कळ काही हातात आहे."

आणि खरंच होतं. साक्षीनं ऑगस्टमध्ये केलेल्या अर्जांवर दोघांचीही वैधता प्रमाणपत्रं आली होती. अधिवास, नॉन क्रिमिलेयर, गुणपत्रिका, सगळं एका फाइलमध्ये होतं. पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा ओंकार म्हणाला, "मला मेकॅनिकल हवंय, पण ते मला मिळणार नाही. वर लिहून जागा कशाला वाया घालवू?"

"वाया काही जात नाही," आत्या म्हणाली. "वरच्या पसंतीला जागा मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुझा हक्क कमी होत नाही. तेव्हा क्रम मनातल्या इच्छेचा लाव. सगळ्यात हवं ते पहिलं, त्यानंतरचं दुसरं. गेल्या वर्षी कुठं कितीवर प्रवेश थांबले ते पाहायचं, पण ते यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवण्यासाठी. खाली भरपूर पर्याय दे. आणि पहिल्या क्रमांकावर जे लिहिशील ते मिळालं तर घ्यावंच लागतं, म्हणून तिथं मनापासून हवं तेच लिही."

ओंकारनं तसंच केलं. पहिल्या फेरीत त्याला काही मिळालं नाही, दुसऱ्यातही नाही. पुढच्या फेरीत त्याच्या प्रवर्गाच्या एका जागेवर जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात त्याला मेकॅनिकल मिळालं. वैधता नसती तर त्या जागेवर त्याचा दावा डळमळीत झाला असता. हे त्याला कागदपत्रं तपासताना टेबलापाशी कळलं, आणि त्यानं साक्षीकडं पाहिलं. त्यानं गेल्या ऑगस्टमध्ये डोकं वर न काढता ज्या सह्या केल्या होत्या, त्या सह्यांनी त्याचं वर्ष वाचवलं होतं. साक्षीला सांगलीकडं विद्युत अभियांत्रिकी मिळालं. शुल्क माफ झालं.

पहिल्या वर्षी ओंकारचं भौतिकशास्त्र उजळून निघालं. बारावीत इतरांनी पर्याय निवडण्यापुरतं शिकलेलं तो मुळापासून समजावून सांगू शकत होता. पण पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी त्यानं सर्वात आधी काय केलं असेल, तर विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या, घड्याळ लावून एक सोडवली आणि चुकांपुढं कारणं लिहिली. आणि दिवाळीत गावी आल्यावर अकरावीतल्या धाकट्या भावानं कार्डशीट मागितली, तेव्हा त्यानं आधी विचारलं, "परीक्षेत तुला काय विचारणार आहेत, ते वाचलंस का?"

तात्पर्य असं की कष्टांना दिशा लागते, आणि दिशा मिळते ती परीक्षेकडं भीतीनं किंवा भक्तीनं न पाहता नीट निरखून पाहिल्यानं. किती प्रश्न, किती वेळ, कशाला किती गुण, चुकीला दंड आहे का, निकालानंतर कोणता कागद लागणार, हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच छापील मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. शहरातल्या मुलाला ते शिकवणीतून कळतं, गावातल्या मुलाला बहुधा उशिरा कळतं, आणि फरक तिथं पडतो. ज्याला हे कळलं आहे त्यानं ते शेजारच्या पोरालाही सांगावं, त्याच्या सह्या आपल्या सह्यांबरोबर घ्याव्यात. रांगेतली जागा एकेकट्यानं मिळवावी लागते. रस्ता मात्र एकमेकांना दाखवता येतो, आणि दाखवायलाच हवा.